मोत्याबरोबर बारा महिने
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही रोज पहाटे कुत्रा घेऊन जाता, तिकडे काय पाहता तेवढेच सांगा." म्हणून मी आज इथे उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा म्हटला तरी माझा घसा कोरडा पडतो, मग भाषणाची गोष्टच सोडा. पण विषय रोजच्या पायाखालचा आहे, म्हणून धीर केला. बोलण्यात काही उणेअधिक झाले तर घरचीच समजून सांभाळून घ्यावे.

आपण बायका घराबाहेर पडतो त्या कशासाठी, याचा मी पुष्कळदा विचार करते. दळण, बाजार, मुलांची शाळा, दवाखाना, लग्नकार्य, देवदर्शन. प्रत्येक वेळी हातात पिशवी असते आणि मनात घरचे घड्याळ. काही काम नसताना, केवळ चार झाडे आणि मोकळे आभाळ पाहावे म्हणून उंबरठा ओलांडलेली बाई आपल्या शिरोलीत किती सापडेल? मला ही सवय लागली ती एका मुक्या जनावरामुळे. आज सांगायची गोष्ट एवढीच आहे, की कुत्रा आपल्याला बारा महिने, तिन्ही त्रिकाळ एका ठरलेल्या वेळेला घराबाहेर काढतो, आणि असे रोज बाहेर पडले म्हणजे वर्ष कसे सरकते ते डोळ्यांना दिसू लागते.

मोत्या आमच्या घरी आला तो २०१८ सालच्या मार्गशीर्षात. भादव्यात कुत्र्यांचा हंगाम असतो आणि साधारण ६३ दिवसांनी कुत्री विते, म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात आपल्या औद्योगिक वसाहतीत ज्या त्या फाटकापाशी पिल्ले दिसतात. आमच्या थोरल्याने कामावरून येताना एक पिल्लू शर्टात घालून आणले. फाउंड्रीच्या काळ्या वाळूत लोळून ते असे काळे झाले होते की तीन पाण्यांनी धुतल्यावर कळले, पिल्लू पांढरे आहे! म्हणून नाव पडले मोत्या.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मला बजावले होते, "बाई, साखर कडेला येऊन थांबली आहे, रोज पाऊण तास चाला." सांगणे सोपे असते. चालायचे कुठे? महामार्गाच्या कडेने ट्रक आणि कंटेनरची रीघ, धूळ, भोंगे. शिवाय एकटी बाई नुसती चालू लागली की चार जणी विचारतात, "काय वहिनी, सकाळी सकाळी कुठे निघालात?" मैत्रिणींनो, गंमत पाहा. हातात कुत्र्याची साखळी आली आणि हा प्रश्न एका दिवसात बंद झाला. कुत्र्याला फिरवायला निघाली आहे म्हटले की ते काम झाले, आणि कामाला निघालेल्या बाईला कोणी हटकत नाही. पुढे पुढे मला कळले, की मी त्याला फिरवते असे लोकांना वाटते, खरे म्हणजे तोच मला फिरवतो. पाऊस असो, थंडी असो, पाहुणे असोत, पहाटे साडेपाचला तो अंथरुणापाशी येऊन उभा राहतो. माझा आळस त्याला ऐकू येत नाही. साखर आज आटोक्यात आहे, त्यातला अर्धा वाटा औषधाचा आणि अर्धा मोत्याचा.

सुरुवातीला सासूबाई म्हणाल्या, "अगं, डोंगरात काय सोनं पुरलंय का? कुत्र्यासंगं बाईमाणसानं फिरायचं म्हणजे काय!" त्यांचे म्हणणे मी मनाला लावून घेतले नाही. त्यांचे माहेर पट्टणकोडोलीकडचे, विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेचे गाव. लहानपणी त्यांनी धनगरांचे वाडे आणि त्यांची राखणीची कुत्री पाहिलेली. गुडघ्यांमुळे आता त्यांना उंबऱ्यापलीकडे जाणे होत नाही. एकदा मी येताना एक फुललेली डहाळी आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि झटकन नाव सांगितले. तेव्हापासून आमचा नेमच झाला. मी रोज काहीतरी आणते, पडलेले पान, शेंग, फूल, आणि त्या नाव सांगतात, ते कशाला वापरतात तेही सांगतात. मला ठाऊक असलेल्या झाडांपैकी निम्मी नावे अशी आमच्या सोप्यात बसून शिकलेली आहेत. ही नावे त्यांच्याबरोबर जाऊ नयेत एवढे मला फार वाटते.

कुत्र्याला आपल्याकडे हलके मानतात, शिवी देतानाही त्याचेच नाव घेतात. पण आपल्या जुन्या माणसांनी त्याला कुठे कुठे जागा दिली आहे ते पाहा. इथून जवळच नृसिंहवाडीला आपण जातो, त्या दत्तगुरूंच्या चित्रात पायांशी चार कुत्रे असतात आणि त्यांना चार वेद मानतात. खंडोबाच्या बरोबरही कुत्रा असतो. महाभारतात शेवटच्या प्रवासात भाऊ गेले, द्रौपदी गेली, धर्मराजाबरोबर उरला तो कुत्रा, आणि त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराज तयार झाला नाही. नामदेवांची गोष्ट तर आपण पोरांना सांगतो, कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. म्हणजे कुत्र्याशी चांगले वागणे हे काही साहेबी फॅड नव्हे, ते आपल्या घरातलेच आहे.

आता आम्ही फिरतो कुठे ते सांगते. रोजची वाट पाणंदीची, उसाच्या शेतांमधून नदीच्या बाजूला जाणारी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशा मिळून झालेली आपली पंचगंगा त्या बाजूला आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मात्र ह्यांच्या स्कूटरवर आम्ही तिघे निघतो, मोत्या पुढे पायांशी बसतो. टोपकडे गेले की चिन्मय मिशनची गणेशाची मोठी मूर्ती दिसते, तिथून कासारवाडीच्या बाजूने सादळे-मादळ्याचा डोंगर लागतो, आणि तोच रस्ता पुढे जोतिबाला जातो. वाटेत खडीच्या खाणींनी डोंगराची एक बाजू कापलेली दिसते, तिकडे पाहून जीव हळहळतो. पण खाणी मागे पडल्या की झाडी सुरू होते. श्रावणात कधी आळत्याच्या रामलिंगाला जातो, तिथेही गुहेतला महादेव आणि भोवती झाडी आहे. म्हणजे रान पाहायला दूर महाबळेश्वरला जायला नको, आपल्या दारापासून तासाभरात रान आहे.

आपले वर्ष चैत्रापासून सुरू होते, तसेच सांगते. पाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला खातो, त्याच दिवसांत त्या झाडाला बारीक पांढरा मोहोर येतो आणि पहाटे त्याचा मंद वास सुटतो. पिंपळाची कोवळी पाने तांबूस आणि अशी पातळ असतात की उजेड त्यांतून आरपार दिसतो. तांबट पक्षी लोहाराने ऐरणीवर बारीक हातोडी मारावी तसा टुक टुक करीत असतो. आमच्या कारखान्यांच्या गावाला शोभेल असाच तो पक्षी आहे! चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, सासनकाठ्या, गुलाल, चांगभलं. त्या दिवसांत मी मोत्याला डोंगराकडे नेत नाही. गर्दीत जनावर बुजते आणि आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होते.

वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात आणि करवंदाच्या जाळ्या काळ्या होतात. करवंदे तोडताना मोत्या जाळीच्या सावलीत जीभ काढून बसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून उन्हाळ्यात त्याला पहाटे नाहीतर दिवेलागणीच्या आधी न्यावे. डांबरी रस्त्यावर आपला तळहात ठेवून पाहावा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतो. आणि दारात एक मातीचे परळ भरून पाणी ठेवावे. ते आपल्या कुत्र्यालाही होते आणि चिमण्यांनाही.

ज्येष्ठात आभाळ भरून येते. पावशा ओरडू लागतो, शेतकरी त्याला 'पेर्ते व्हा' म्हणतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की पाणंदीत लाल मखमलीचे किडे दिसतात. त्या पहिल्या पावसाच्या दिवशी मोत्याकडे पाहावे! तो पाऊल पुढे टाकतच नाही, प्रत्येक वीत जमीन हुंगत राहतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर, असे वाचले आहे. आपल्याला मातीचा एक वास येतो, त्याला त्यात किती गोष्टी कळत असतील! तेव्हापासून तो थांबला की मी साखळी ओढत नाही. तो हुंगतो तेवढ्यात मी पाहून घेते. आणि पहिल्या पावसाने कारखान्यांची धूळ धुतली गेली की रस्त्याकडेच्या झाडांत हिरवा रंग किती प्रकारचा असतो तेही दिसते.

आषाढात पाणंदीत गुडघाभर चिखल होतो, मग आम्ही वसाहतीच्या पक्क्या रस्त्यांवर फिरतो. या दिवसांत गवतात पाय घालू नये, बिळात पाणी शिरून साप बाहेर पडतात. मी हातात काठी ठेवते आणि मोत्याला उसाच्या कडेला जाऊ देत नाही. घरी आल्यावर कान आणि बोटांमधल्या जागा पाहून गोचीड काढावी लागते. श्रावण लागला की डोंगर ओळखू येत नाही. उतारावर तेरडा गुलाबी फुलतो, ओघळ वाहतात, मोराचा आवाज येतो. मोर १९६३ सालापासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे हे आपण जाणतो, पण लांडोर याच दिवसांत जमिनीवर, झुडपाखाली अंडी घालते हे पुष्कळांना ठाऊक नसते. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा तेरड्याची रोपे आणायला बाजारात पैसे मोडावे लागत नाहीत. डोंगराच्या पायथ्याला शेताच्या बांधावरची दोन रोपे विचारून घेतली की काम होते. सोनकीची पिवळी फुले त्याच सुमारास उतारावर पसरतात.

पावसाळ्याचे बोलताना पुराचे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आकडे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये ते पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आपल्या शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. जी नदी मी रोज पाहायला जाते तिचे ते रूप पाहून पोटात गोळा आला. निसर्ग सुंदर आहे म्हणताना हेही म्हणायला हवे, की तो आपल्या सोयीने चालत नाही. त्या दिवसांत एक गोष्ट सर्वांनी शिकावी अशी होती. घर सोडावे लागले तर जनावरांची दावी सोडावीत आणि कुत्र्याच्या गळ्यातली साखळी काढावी. बांधलेले जनावर पोहू शकत नाही. मोकळे असले तर ते उंच जागा शोधते.

आश्विनात हादग्याची गाणी सुरू होतात आणि सकाळी धुके खाली उतरते. वसाहतीतल्या रस्त्यांवर सप्तपर्णीची झाडे फुलतात. त्यांचा वास रात्री इतका उग्र असतो की तिसऱ्या पाळीला जाणारे कामगारही वर पाहतात. शेपटी हलवणारा धोबी पक्षी याच दिवसांत परगावाहून येतो, फाल्गुनापर्यंत राहतो. माहेरवाशीण दिवाळीला यावी तशी मी त्याची वाट पाहते. दसऱ्याला नीलकंठ तारेवर बसलेला दिसला की सासूबाईंना सांगायला मी घाईने घरी येते, कारण त्यांना तो शुभशकुन वाटतो.

कार्तिकात डोंगरावरचे गवत सोनेरी होते आणि त्याला कुसळे येतात. ती माझ्या लुगड्याच्या काठाला चिकटतात आणि मोत्याच्या कानांत, पंजांत शिरतात. वेळीच काढली नाहीत तर आत रुतून पू होतो. म्हणून डोंगरावरून आल्यावर अंगणात बसून आधी त्याची कुसळे काढायची, मग चहा. ऊसतोड सुरू होते, गुऱ्हाळाच्या रसाचा वास पाणंदीपर्यंत येतो, मोत्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. मोकळ्या झालेल्या रानात धनगर मेंढरे बसवतात. कळपाजवळ गेलो की मी साखळी आखूड धरते. धनगराची कुत्री कामावर असतात, ती परक्या कुत्र्याला जवळ येऊ देत नाहीत, आणि तसेच असायला हवे.

मार्गशीर्ष-पौषात पहाटे नदीवर धुक्याची दुलई असते. उसाच्या पात्यांवरचे दहिवर झाडले की अंग भिजते. तिसरी पाळी संपवून कानाला मफलर बांधलेले कामगार घरी परततात, आणि त्यांच्यामागे पूर्व तांबडी होते. या दिवसांत मी पुरते उजाडल्याशिवाय निघत नाही. आपल्या जिल्ह्यात उसाच्या रानात बिबट्या येतो हे आपण जाणतो, आणि बिबट्या कुत्र्यावर टपलेला असतो. तेव्हा बाईला कुत्र्याची सोबत आहे, त्याप्रमाणे कुत्र्याला बाईची जबाबदारी आहे.

माघात पानगळ होते. वाळलेल्या पानांवरून आम्ही चाललो की मोत्याच्या चार पायांचा आणि माझ्या दोन पायांचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो. आंब्याला मोहोर असतो. झाडे उघडी पडली म्हणजे सगळी घरटी दिसतात, पावसाळ्यात कोण कुठे राहत होते त्याचा पत्ता लागतो. आणि फाल्गुनात, पाने गळालेल्या रानात, पळस, पांगारा आणि काटेसावर लाल होतात. होळी आधी रानात पेटते, मग आपल्या दारात. एक गोष्ट वाचून मला नवल वाटले. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग दिसतो, तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही. म्हणजे पळस माझ्यासाठी लाल असतो, मोत्यासाठी नसतो. मला त्याच्यासारखा वास येत नाही आणि त्याला माझ्यासारखे दिसत नाही. दोघे मिळून चाललो तेव्हाच रान पुरे होते!

त्याच फाल्गुनात दुसरी होळीही दिसते, ती मात्र दुःखाची. गवत चांगले येते या समजुतीने कोणी डोंगरउताराला आग लावतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो. उतार काळे पडतात, लहान रोपे जळतात, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी देशोधडीला लागतात. आपल्या घरातील पुरुषमंडळी आणि मुले देवदर्शनाला डोंगरावर जातात. काडेपेटी खिशातच राहू द्या एवढे त्यांना आपणच सांगू शकतो.

आता चार गोष्टी व्यवहाराच्या. पहिली, रानात कुत्रा साखळीलाच असावा. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालते. मोकळा कुत्रा ती क्षणात फस्त करतो. ससा, तित्तिर, मोर यांचा पाठलाग हा कुत्र्याला खेळ वाटतो, त्यांचा जीव जातो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे. १९५८ साली झालेल्या आपल्या दाजीपूरच्या गव्यांच्या अभयारण्यासारख्या जागी तर कुत्रा नेऊच नये. घरच्या कुत्र्याचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. २०१८ साली गुजरातेत गीरच्या रानात अनेक सिंह मेले, त्यामागे कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोगही होता.

दुसरी गोष्ट लसीची. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. पाश्चर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस पहिल्यांदा टोचली आणि तो वाचला. त्याआधी पिसाळलेले कुत्रे चावले म्हणजे देवाचा धावा करण्यावाचून उपाय नव्हता. आजही रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस हाती लागत नाही. म्हणून कुत्रे चावले किंवा नख लागले तर हळद, चुना, मिरची काही भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. इंजेक्शने मध्येच सोडू नका.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. आपल्या कुत्र्याची घाण दुसऱ्याच्या दारात राहता कामा नये. मी जुने वर्तमानपत्र आणि पिशवी जवळ ठेवते. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही, आपण पोरे वाढवलेल्या बायका आहोत.

चौथी गोष्ट म्हणजे कुत्रा विकतच घ्यायला हवा असे नाही. थंड मुलखातले केसाळ कुत्रे हजारो रुपये देऊन आणायचे आणि ते बिचारे आपल्या उन्हात धापा टाकत राहायचे, हे मला पटत नाही. जातिवंतच हवा असेल तर आपल्या शेजारच्या मुलखातला मुधोळचा कुत्रा आहे, ज्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची जात जोपासली, आणि जानेवारी २००५ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्याचे चित्र तिकिटावर छापले. पण रस्त्यावरचे पिल्लूही काही कमी नसते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने अंतराळात पाठवलेली लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री होती. ती परत आली नाही, बिचारीला परत आणायची सोयच केलेली नव्हती. तिची आठवण झाली की मला आपल्या फाटकांवरची पिल्ले आठवतात. प्रत्येक कारखान्याने आपल्या फाटकावरच्या कुत्र्यांना लस आणि नसबंदी करून घेतली, तर कामगारांना रात्री भीती राहणार नाही आणि पिल्ले चाकाखाली जाणार नाहीत.

भगिनींनो, मोत्या आता सात वर्षांच्या पुढे गेला. सादळ्याचा चढ पूर्वी तो मला ओढत नेई, आता मधल्या वळणावर थांबून मागे वळून पाहतो. मीही थांबते. आम्हा दोघांचेही गुडघे आता सारखेच बोलू लागले आहेत. त्याच्या थांबण्यामुळे मला त्या वळणावरचे शिवणीचे झाड ठाऊक झाले, इतकी वर्षे ते तिथेच होते. तो असेल तोवर असे चालू, आणि पुढेही ती वाट मला एकटीला घ्यावी लागली तरी ती मी सोडणार नाही. पण एकटीने कशाला? म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवते.

महिन्यातून एकदा, सुट्टीच्या सकाळी, आपण दहा-बारा जणींनी मिळून डोंगराकडे जावे. कुत्रा असेल तिने आणावा, नसेल तिने तशीच यावे. कोणी विचारले, कुठे निघालात, तर सांगावे, मंडळाच्या कामाला. दुसरे, मंडळाच्या कपाटात एक वही ठेवावी आणि कोणते झाड कोणत्या तिथीला फुलले, कोणता पक्षी केव्हा आला, हे जिला दिसेल तिने लिहावे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. मी ते वाचनालयातून आणून हळूहळू वाचले. त्या मोठ्या विदुषी, आपली त्यांच्याशी काय बरोबरी! पण बारा महिने डोळे उघडे ठेवायला पदवी लागत नाही. आपल्या सासवांना आणि आयांना ठाऊक असलेली झाडांची नावे तरी त्या वहीत उतरतील. आणि तिसरे, पशुवैद्यकीय दवाखान्याला अर्ज करून मंडळातर्फे वसाहतीतल्या कुत्र्यांसाठी दरवर्षी लसीकरणाचा एक दिवस ठेवावा. २८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात, तोच दिवस धरावा.

घरची भाकरी आपण रोज थापतो, ती कुणी चुकवली नाही. दिवसातली पाऊण घटका जर आपण स्वतःसाठी बाहेर काढली तर घराचे काही अडत नाही, उलट आपण जरा हलक्या होऊन परत येतो आणि घरालाही ते कळते. एवढे सांगण्यासाठीच मी उभी राहिले.  पुढच्या सुट्टीला येणाऱ्या भगिनींनी आजच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते. नमस्कार.